मडगार्ड वाकडं दिसतंय? आधी चाक मोजा

मोटरसायकल डबल स्टँडवर लावा, चार पावलं मागे जा आणि उकिडवं बसून मागून बघा. टायरच्या डाव्या अंगाला मडगार्डपर्यंत बोटभर जागा आहे आणि उजवीकडे पोस्टकार्डही सरकणार नाही, असं दिसलं की बहुतेकांचा हात आधी मडगार्डच्या बोल्टकडे जातो. उरलेल्यांचा चेन ॲडजस्टरकडे, म्हणजे चाक मागे-पुढे सरकवून चेन ताणायच्या बोल्टकडे. दोन्ही घाई आहे.

मागचं चाक चिमट्यात बसतं, म्हणजे स्विंग आर्ममध्ये. चिमटा फ्रेमला धरून असतो. मडगार्ड मात्र सीटखालच्या सबफ्रेमला लटकलेलं असतं आणि चाकाशी त्याचा थेट संबंध नसतो. त्यामुळे फट कमी-जास्त दिसली तरी चूक चाकाची, चिमट्याची की मडगार्डची, हे नुसत्या फटीवरून कळत नाही. मडगार्डला शोभावं म्हणून चाक सरकवलं तर फट सारखी होते, गाडी मागून छान दिसते, आणि चेन तिरपी चालायला लागते. मग स्प्रॉकेटचे दात एका अंगाने झिजतात, चेनच्या आतल्या पट्ट्या घासून चकाकतात आणि नवं चेन किट वेळेच्या कितीतरी आधी गळपटतं. क्रम एकच: चिमटा, मग चाक, आणि सगळ्यात शेवटी मडगार्ड.

फटीवरून काय ओळखता येतं

पाना हातात घेण्याआधी चाक हाताने सावकाश फिरवा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि बोटं चेनपासून लांब. मडगार्डच्या कडेला एक बोट टेकवून टायरकडे बघत राहा. चाक फिरताना फट कमी-जास्त होत असेल, म्हणजे टायर डुलत असेल, तर अलाइनमेंटचा प्रश्न नंतरचा. एकतर रिममध्ये आउट आहे, म्हणजे रिम वाकडी फिरते, किंवा टायर रिमवर नीट बसलेला नाही. टायरच्या कडेला, रिमला लागून एक बारीक उठावाची रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. एखाद्या ठिकाणी ती रिमच्या आत बुडाली असेल तर हवा काढा, दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा आणि टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत राहून पुन्हा हवा भरा. पंक्चर काढल्यावर ‘गाडी उड्या मारते’ ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरच संपते. टायर नीट बसलेला असूनही रिमच डुलत असेल तर आऱ्यांकडे वळावं लागेल. बहुतेक कंपन्या रिमचा आउट २ मिमीपर्यंत चालवून घेतात.

चाक फिरवताना फट स्थिर राहते, पण दोन्ही बाजूंना वेगळी आहे? आता दोन जागी बघा: टायरची पुढची कड जिथे चिमट्याच्या खोबणीतून जाते तिथे, आणि मागे नंबरप्लेटच्या खाली.

पुढे टायर डावीकडे झुकलेला आणि मागे उजवीकडे, असं असेल तर चाक तिरपं बसलंय. ॲक्सलची एक बाजू दुसरीपेक्षा मागे आहे. डावी बाजू जास्त मागे गेली की चाकाचं तोंड डावीकडे वळतं. उजवी गेली की उजवीकडे. पुढे आणि मागे दोन्हीकडे टायर एकाच अंगाला, तेवढाच सरकलेला असेल तर चाक सरळ आहे पण बाजूला आहे. अशा वेळी संशय स्पेसरवर (ॲक्सलवरच्या नळीच्या तुकड्यांवर) किंवा आऱ्यांच्या ताणावर. वरच्या भागात टायर एका बाजूला आणि खाली जमिनीजवळ दुसऱ्या बाजूला असेल तर चाक कललंय. म्हणजे चिमट्याला पीळ आहे, चिमट्याच्या सांध्यातलं बुश गेलंय किंवा दोन शॉकअप सारखे नाहीत. आणि चाक पुढच्या चाकाच्या अगदी रेषेत असूनही फट वेगळी असेल, तर आणि तरच, दोष मडगार्डचा.

शॉकअपचं आधी उरकून घ्या, कारण त्याला पैसे लागत नाहीत. दोन्ही शॉकअपच्या स्प्रिंगचा कॅम सारख्याच खाचेवर आहे ना? एक दुसऱ्या खाचेवर आणि एक चौथ्या, अशा गाड्या सर्रास दिसतात. मागे बसणारा जड म्हणून हाताला लागली ती बाजू फिरवलेली असते.

मोजण्याआधी खरवडा

गोव्यात हा भाग टाळून चालत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, किनाऱ्याची खारी हवा, फेरीबोटीच्या धक्क्यावरचं ओलं, आणि डिचोली-सांगेच्या बाजूला लाल माती. ही माती मडगार्डच्या आतल्या बाजूला थरावर थर बसते आणि वाळली की चिऱ्यासारखी घट्ट होते. एका अंगाला बोटाच्या पेराएवढा थर असला तर तुम्ही फट म्हणून जे मोजाल ते मातीचं माप. लाकडी पट्टीने खरवडा, धुवा, वाळू द्या. पत्र्याचं मडगार्ड असेल तर लोखंडी खुरपं वापरू नका. रंग निघालेल्या जागी पहिल्याच पावसात गंज धरतो.

तसंच ॲडजस्टरचं. चिमट्याच्या टोकाला जी टोपी किंवा पट्टी असते तिच्या आणि चिमट्याच्या मध्ये वाळू अडकली तर ती बाजू पूर्ण टेकत नाही. तुम्ही दोन्ही खुणा बरोबर जुळवता, आणि चार दिवसांत वाळू चुरडून चाक तिरपं होतं. वायर ब्रशने ती जागा साफ करा. ॲक्सलचा नट, ॲडजस्टरचे बोल्ट आणि त्यांचे लॉकनट यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. ॲडजस्टरचा बोल्ट बारीक असतो, जोर लावला की मुळातून तुटतो, आणि मग लेथवाल्याकडे फेरी ठरलेली. लॉकनट सैल न करताच ॲडजस्टर फिरवणं हे त्याचं नेहमीचं कारण.

तंगूस ताणून मोजणं

चिमट्यावर कोरलेल्या खुणांवर विसंबू नका. त्या अंदाजासाठी ठीक आहेत, पण पत्र्यावर ठोकलेली खूण मिलिमीटरभर इकडेतिकडे असू शकते, आणि इथे मिलिमीटरच मोजायचाय.

पहिलं माप टेपने घ्या. चिमट्याच्या पिव्हट बोल्टच्या (ज्यावर चिमटा फ्रेमला जोडलेला असतो त्या बोल्टच्या) मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंनी. फरक १ मिमीच्या आत हवा. काही गाड्यांत सायलेन्सर किंवा फूटरेस्टची पट्टी आड येते आणि टेप सरळ धरता येत नाही. तिथे एका सरळ सळईचं टोक काटकोनात वाकवून घ्या, ते पिव्हटच्या खळग्यात टेकवा आणि ॲक्सलच्या मध्याशी सळईवर रबरबँड सरकवून ठेवा. तीच सळई दुसऱ्या बाजूला लावली की फरक डोळ्यांना दिसतो, आकडे वाचावे लागत नाहीत.

दुसरं माप दोरीचं, आणि खरं माप तेच. यासाठी लागतं:

– मासे गरवायचा जाड तंगूस (नायलॉनचा दोरा), ६ ते ७ मीटर. सुतळी नको, ती ताणते आणि तिला केस असतात.
– दोन चिरे किंवा तेवढ्याच वजनाचं काहीही.
– ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, चिकटपट्टी, खडू.
– सपाट जमीन. फरशी घातलेला सोपा किंवा काँक्रीटचं अंगण. उतारावर किंवा खडीवर मोजू नका.

गाडी डबल स्टँडवर नको. स्टँडचे पाय टायरपेक्षा रुंद असतात आणि दोरीच्या आड येतात. गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी हवी. एकाने हँडल धरावं, नाहीतर मागच्या कॅरियरला दोन्हीकडून दोरी बांधून ती बल्कांवाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) दोन खांबांना ताणून घ्यावी. दोन्ही टायरमध्ये मॅन्युअलप्रमाणे हवा असू द्या.

तंगुसाचा मध्य मागच्या टायरच्या पाठीवर, जमिनीपासून १० ते १२ सेंटिमीटर उंचीवर चिकटपट्टीने पक्का करा. दोन्ही टोकं गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढे न्या, पुढच्या चाकाच्या साधारण मीटरभर पुढे चिऱ्यांना बांधा आणि उंची तीच ठेवा. आता एक चिरा हळूहळू आत सरकवा. दोरी मागच्या टायरच्या मागच्या फुगवट्याला टेकलेली असते. ती पुढच्या फुगवट्यालाही नुसती शिवली की थांबा. शिवणं आणि दाबणं यात फरक आहे: दोरीला बोटाने हलकी टिचकी मारा. ती टायरवर ‘टिक’ वाजली पाहिजे, वाकता कामा नये. दुसऱ्या बाजूलाही तसंच करा.

आता पुढचं चाक हँडलने एवढं वळवा की एका बाजूच्या दोरीपासून पुढच्या टायरची पुढची आणि मागची कड सारख्याच अंतरावर येईल. हँडल तिथेच धरून ठेवा आणि दोन्ही बाजूंची फट मोजा.

समजा डावीकडे १० आणि उजवीकडे १० मिमी. चाकं एका रेषेत आहेत. रोजच्या वापराच्या गाडीला दोन्हीकडच्या आकड्यांत ३-४ मिमीचा फरक असला तरी सोडून द्यावा. त्याहून बारकाईत गेलं तर दोरीचीच चूक मोजली जाते.

समजा डावीकडे १६ आणि उजवीकडे ४. चाकाचं तोंड डावीकडे वळलेलं असू शकतं. किती? ॲक्सलच्या दोन टोकांत सुमारे २०० मिमी अंतर असतं आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची दोन चाकं साधारण १२४० मिमी अंतरावर असतात. म्हणजे ॲक्सलवर १ मिमी चूक झाली की पुढच्या चाकापाशी ती सहापट, ६ मिमी होऊन दिसते. १६ आणि ४ म्हणजे मध्यापासून ६, म्हणजे ॲक्सलची डावी बाजू १ मिमीने जास्त मागे. दोरीची पद्धत खुणांपेक्षा खात्रीची का, ते या सहापटीत आहे. नुसत्या डोळ्याला १ मिमी दिसत नाही, १२ मिमीचा फरक दिसतो.

पण पिव्हटपासूनचं टेपचं माप दोन्हीकडे सारखं असूनही १६ आणि ४ येत असेल तर चाक तिरपं नाही, बाजूला सरकलंय. तिथे ॲडजस्टरला हात लावू नका.

एक अडचण. स्प्लेंडरसारख्या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे ८०/१००-१८ चाच टायर असतो. रुंदी सारखी, त्यामुळे दोरी पुढच्या टायरलाही घासते आणि मोजायला फट उरत नाही. अशा वेळी मागच्या टायरच्या चारही टेकण्याच्या जागी एकाच जाडीचे चार तुकडे लावा. एकाच प्लायवूडच्या पट्टीतून कापलेले १० मिमीचे चार चौकोन उत्तम. दोरी टायरऐवजी त्यांना टेकवा, बाकी सगळं तेच.

चाक सरळ करणं

आता गाडी डबल स्टँडवर. ॲक्सलच्या नटाला स्प्लिट पिन असेल तर काढून टाका आणि बसवताना नवीच घाला. जुनी दोनदा वाकवली की तुटते. मागच्या ब्रेकची अँकर पट्टी जिथे ड्रमच्या प्लेटला लागते तो नट सैल करा. मग ॲक्सलचा नट अर्धा-पाऊण फेरा सैल करा, पूर्ण काढू नका.

हिरो होंडाच्या वळणाच्या बऱ्याच गाड्यांना चेनच्या बाजूला ॲक्सलच्या नटाशिवाय आणखी एक मोठा स्लीव्ह नट असतो. तो सैल करायचा राहिला की उजवी बाजू ॲडजस्टरबरोबर सरकते आणि डावी जागची हलत नाही. चेन तर ताणल्यासारखी वाटते, खुणाही ओढूनताणून जुळवल्या जातात, आणि चाक तिरपं. ‘चेन टाइट करून आणली आणि तेव्हापासून गाडी ओढते’ असं कोणी म्हणालं तर आधी या नटाकडे बघावं.

ॲडजस्टरचा नट सहा कडांचा. बोल्ट ६ मिमीचा असेल तर एका पूर्ण फेऱ्याला १ मिमी सरकतं, ८ मिमीचा असेल तर सव्वा मिमी. म्हणजे एक कड फिरवली की सुमारे ०.२ मिमी. वरच्या उदाहरणातली १ मिमी चूक काढायची तर पाच-सहा कडा लागतील. चेन आधीच सैल असेल तर उजवी बाजू मागे ओढा. चेन ताठ असेल तर डावी पुढे सोडा. सोडताना नुसता नट सैल करून चाक पुढे येत नाही. टायरला मागून तळहाताने दोन थापा मारा, नाहीतर ॲक्सल जागच्या जागी राहील आणि ॲडजस्टर मोकळा लोंबेल. जुन्या बुलेटला बोल्टऐवजी शंखासारखा खाचांचा कॅम असतो. तिथे दोन्ही बाजूंची खाच मोजून सारखी ठेवायची. मात्र कॅमची कड झिजली असेल तर खाच सारखी असूनही चाक तिरपं बसतं. तेव्हा कॅमची जोडी बदला, एकटा नको.

चेनचा ढिलेपणा याच वेळी बघायचा. चाक फिरवत चेनची सर्वांत ताठ जागा शोधा, कारण कुठलीही वापरलेली चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. त्या ताठ जागी खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून छोट्या गाड्यांना २० ते ३० मिमी हालचाल मिळायला हवी. तुमच्या गाडीचा नेमका आकडा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. सैल जागी मोजून ताणली तर ताठ जागी चेन तारेसारखी होते, आणि तिचा मार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर बसतो.

ॲक्सल आवळताना चाक पुन्हा हलतं. याला सोपा इलाज आहे. फडक्याची घडी करून मागच्या स्प्रॉकेटच्या वरच्या अंगाला चेन आणि दात यांच्यामध्ये ठेवा आणि चाक हाताने उलटं, म्हणजे मागच्या दिशेने, फिरवा. फडकं दातांखाली अडकतं, चेन ताणली जाते आणि ॲक्सल दोन्ही ॲडजस्टरवर घट्ट टेकतो. त्याच स्थितीत नट आवळा. ड्रम ब्रेक असेल तर आवळताना कोणाला तरी पॅडल दाबून धरायला सांगा, म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. मग स्लीव्ह नट, अँकर पट्टीचा नट, ॲडजस्टरचे लॉकनट. शेवटी फडकं काढून चेन पुन्हा मोजा आणि दोरीचं माप पुन्हा घ्या. आवळल्यावर चेन थोडी ताठ होतेच, म्हणून आधी दोन-तीन मिमी सैल धरलेली बरी.

ब्रेकचा रॉडही जुळवावा लागतो, कारण चाक मागे गेलं की ब्रेक जवळ येतो. पॅडलला २० ते ३० मिमी मोकळी हालचाल ठेवा आणि ब्रेक लाइट वेळेवर लागतो का ते बघा. मागे डिस्क असेल तर गाडी हलवण्याआधी पॅडल दोन-चारदा दाबून कडक करून घ्या.

चाक सरळ, पण बाजूला

पहिला संशय स्पेसरवर. मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना नळीचे तुकडे असतात, बऱ्याच गाड्यांत वेगवेगळ्या लांबीचे. रस्त्याकडेला घाईत पंक्चर काढताना ते उलटसुलट होतात, किंवा एक गवतात राहतो आणि त्याजागी वॉशर येतात. ॲक्सल ओढताना जे जसं निघतं तसं जमिनीवर एका ओळीत मांडा आणि फोनवर फोटो काढा. पाच सेकंदांचं काम. स्प्रॉकेटच्या बाजूला हबमधली रबरं चुरा झाली असतील किंवा नवी रबरं पूर्ण आत बसली नसतील तरी स्प्रॉकेटचा भाग बाहेर राहतो आणि चाक पलीकडे ढकललं जातं. हातोडीने नाही, साबणाचं पाणी लावून रबरं बसवा.

स्पेसर जागेवर असूनही चाक बाजूला असेल आणि चाक आऱ्यांचं असेल, तर रिमच हबवर एका अंगाला ओढली गेलीये. नवी रिम घालून आणल्यावर हे हमखास दिसतं. हबच्या उजव्या कडेचे आरे रिम उजवीकडे ओढतात, डाव्या कडेचे डावीकडे. रिम उजवीकडे आणायची तर टायरची हवा काढा, डाव्या कडेचे सगळे निपल (आऱ्यांच्या टोकाचे नट) पाव फेरा सैल करा आणि मगच उजव्या कडेचे सगळे पाव फेरा आवळा. सुरुवात कुठून केली ते खडूने लिहा. ३६ किंवा ४० आरे असतात आणि मोजणी चुकतेच. एक फेरी झाली की मोजा, मग दुसरी. झाल्यावर प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकं वाजवा. ‘टण्’ आवाज आला की ताण बरा, ‘थप्’ आला की सैल. खूप आवळावं लागलं असेल तर टायर काढून बघा: आऱ्याचं टोक निपलच्या बाहेर आलं असेल तर ते ट्यूबला भोक पाडतं, कानशीने सपाट करा.

अलॉय चाकाला यातलं काहीच लागू नाही. वाकलेलं अलॉय तापवून सरळ करून देणारे भेटतात. करून घेऊ नका, बदला.

चिमटा

डबल स्टँडवर मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खट्‌खट्‌ वाजलं तर दुसऱ्याला चिमटा धरायला सांगा. चिमटा स्थिर आणि चाक हलतंय, तर चाकाची बेअरिंग गेली. चिमट्यासकट हलतंय, तर बुश. पावसाळ्यात पाणी पिव्हटमध्ये शिरतं आणि बोल्ट बुशला गंजून चिकटतो. दर पावसाळ्यानंतर बोल्ट काढून, साफ करून, ग्रीस लावून घालणं हा एकच उपाय. चिमट्याला पीळ आहे का हे बघायचं तर तो सोडवून पिव्हटच्या भोकात एक सरळ सळई आणि ॲक्सलच्या खाचेत दुसरी घाला आणि मागून एका डोळ्याने बघा. दोन सळया समांतर नसतील तर चिमटा बदला. तापवून पीळ काढलेल्या चिमट्यावर माणूस बसवू नये.

आता मडगार्ड

चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आहे याची खात्री झाली, की मग मडगार्ड. आता चाक हेच माप.

तीन जागी, दोन्ही बाजूंनी फट मोजा आणि आकडे खडूने टायरवरच लिहा: पुढे चिमट्याजवळ, वर सीटखाली, आणि मागे शेपटीला. समजा सीटखाली डावीकडे १८, उजवीकडे १०. फरक ८, त्याचा अर्धा ४: मडगार्ड ४ मिमी उजवीकडे न्यायचंय. शेपटीला २० आणि ८ असेल तर तिथे ६ मिमी. पुढून मागे फरक वाढत जात असेल तर मडगार्ड पुढच्या बोल्टवर वळलंय. तिन्ही जागी फरक सारखा असेल तर ते सगळंच सरकलंय. कललं आहे का हे ओळंब्याने कळतं: गाडी सरळ उभी करून गवंड्याचा ओळंबा मडगार्डच्या मध्यरेषेवरून सोडा, दोरी टायरच्या मधल्या खाचेवर पडली पाहिजे.

सैल करताना एक-दोन नाही, सगळे बोल्ट सैल करा. साडी गार्ड, पाठीमागचा कॅरियर, नंबरप्लेटची पट्टी यांचेही. पुष्कळदा मडगार्डमध्ये काही वाकडं नसतं, साडी गार्डची पट्टी एका अंगाने ओढत असते. ती सोडली की मडगार्ड आपोआप मध्यावर येतं. मग साडी गार्डच्या भोकाजवळ हवे तेवढे वॉशर घालून तिथली दरी भरून काढायची, पट्टी ओढून नटात बसवायची नाही. दिवसभर मागे माणूस बसवून फिरणाऱ्या पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्यांच्या, गाड्यांना हे दुखणं जास्त. त्यांचं पुढचं मडगार्ड पिवळं असतं, त्रास मात्र मागचं देतं.

प्रत्येक बोल्टखालचं रबर आणि त्यातली धातूची नळी तपासा. नळी हरवली असेल तर बोल्ट कितीही आवळला तरी रबर चेपत जातं, प्लॅस्टिकला तडा जातो आणि मडगार्ड हलतच राहतं. भोकं लांबट झाली असतील तर दोन्ही बाजूंनी मोठा वॉशर घाला. मडगार्ड सरकवायला जागाच नसेल तर गोल कानशीने भोक २-३ मिमी वाढवा आणि उघड्या पत्र्याला तिथल्या तिथे प्रायमर लावा. इथल्या हवेत ‘उद्या लावू’ म्हटलं की गंज.

पत्र्याचं मडगार्ड वाकलं असेल तर आतून वाळूची पिशवी आणि बाहेरून रबरी हातोडी. थोडं जास्त वाकवावं लागतं, कारण पत्रा परत फिरतो. वाकलेली टेकूची पट्टी मात्र सोडवून शिकंज्यात धरूनच सरळ करा. गाडीवरच पाइप घालून वाकवली तर सबफ्रेमचं भोक फाटतं.

आवळण्याचा क्रम: पुढचे बोल्ट आधी, मग सीटखालचे डावा-उजवा आलटून पालटून, शेपटीचे शेवटी. आणि एक गोष्ट कधीही उलटी करू नका: मडगार्डच्या आतून जाणाऱ्या बोल्टचं गोल डोकं टायरच्या बाजूला आणि नट वरच्या बाजूला. उलटा घातला तर आट्यांचं टोक टायरकडे राहतं आणि खड्ड्यात गाडी दबली की टायरवर करवतीसारखी रेघ मारतं. टेल लाइटची वायर मडगार्डच्या आतून जाते, तीही क्लिपमध्ये दाबून घ्या. टायरने सोलली की फ्यूज उडतो आणि दिवे जातात, बहुधा रात्री.

बाजूची फट बरोबर आली तरी वरची उरते, खासकरून रुंद टायर घातला असेल तर. चवथीच्या मूर्तीसाठी आणलेली चिकणमाती उरलेली असेल तर तिचे २० मिमी उंचीचे दोन-तीन गोळे मडगार्डच्या आत, टायरच्या मध्यावर, कोरड्या पत्र्याला दाबून चिकटवा. मागे एकाला बसवून स्पीडब्रेकरवरून हळू चार फेऱ्या मारा. गोळे जसेच्या तसे असतील तर गाडी पूर्ण दबल्यावरही २० मिमी जागा उरते. वरून चाटून गेले असतील तर जेवढी उंची शिल्लक तेवढी जागा. सपाट झाले असतील तर टायर मडगार्डला लागतोय: शॉकअप बसलेत किंवा टायर त्या गाडीचा नाही.

चालवून बघा

चोडण किंवा दिवाडी बेटावरच्या खाजनातल्यासारखा (खाडीकाठच्या सखल शेतातल्यासारखा) सपाट, सरळ, मोकळा रस्ता शोधा. ३०-४० च्या वेगाने, दोन्ही हात हँडलवर ठेवून, पण पकड हलकी. गाडी एका बाजूला सतत कलती ठेवावी लागते का ते बघा. दोन किलोमीटरनंतर उतरून मागच्या हबला उलट्या हाताने शिवा. ब्रेक न लावताही तापला असेल तर ब्रेक घासतोय किंवा ॲक्सलवर काहीतरी दाबून बसलंय. चेनचा आवाज सारखा हवा. दर फेऱ्याला ‘कर्र’ येत असेल तर स्प्रॉकेटच्या रेषेत अजून फरक आहे.

पन्नासेक किलोमीटरनंतर ॲक्सलचा नट आणि मडगार्डचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. माप पक्कं झालं की चिमट्यावर, कारखान्याची खूण सोडून त्याच्या शेजारी, दोन्ही बाजूंना ॲडजस्टरच्या कडेला लागून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी चेन ताणताना दोन्ही बाजू त्या रेघेपासून सारख्या मागे न्यायच्या; तंगूस आणि चिरे काढायची वेळ चिमटा, रिम किंवा बुश बदलल्यावरच येईल.